काचेवर वाळलेलं पाणी

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात. तुमच्यातले काही जण असतीलही, त्यांना समजायचे कष्ट नकोत. समजा, तुमच्या हातात एका मोठ्या माणसाचा चष्मा आहे. तपकिरी दांड्यांचा. एका दांडीच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत, कारण तो माणूस विचार करताना दांडी चावत असे. काचांवर बारीक पांढरे ठिपके आहेत. ते फडक्याने जात नाहीत, साबणाने जात नाहीत, नखाने खरवडले तरी जात नाहीत. हा चष्मा तुम्ही डोळ्यांना लावता आणि दिव्याकडे बघता. काय दिसेल? घाईने उत्तर देऊ नका. ज्या नऊ वर्षांच्या मुलीची ही सवय होती, ती मारेन, कधीच घाई करत नसे. वडिलांच्या कॅम्परगाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावर जो झोपायचा माळा असतो तिथे पालथी पडून ती बघत राही, आणि मग हळूहळू प्रत्येक ठिपक्याभोवती उजेडाचं एक कडं उमटे, कडी एकमेकांत मिसळत, आणि तो साधा पिवळा दिवा कुठल्या कुठे जाई. आता असं समजा, की एका सकाळी तोच चष्मा तुमच्या हातात आला आणि काचा लख्ख होत्या. एकही ठिपका नव्हता. ज्याने हे केलं तो माणूस वाईट नव्हता. ही गोष्ट त्याचीच आहे.

कर्टिस बोलेन सेंट पॉल शहरात चष्म्यांच्या दुकानात काम करी. डोळे तपासणारी डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत बसे आणि बाहेर, आरशांच्या आणि फ्रेमच्या रांगांमध्ये, कर्टिस. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवायची, दांड्या गरम करून कानामागे वळवायच्या, एक पाऊल मागे जाऊन बघायचं, आणि विचारायचं, "कानामागे टोचतंय का?" माणसांचे चेहरे इतक्या जवळून बघायचे आणि तरी त्यांच्याशी फारसं बोलावं लागायचं नाही, हे त्याला मानवलं होतं. तो स्वतः जाड काचांचा चष्मा लावी. चष्मा काढला की त्याला आपल्याच हाताची बोटं मोजता येत नसत. गेल्या शरद ऋतूत, वयाची चाळिशी बरीच मागे पडल्यावर, त्याचं लग्न झालं होतं. बायकोचं नाव जनेल, आणि तिची मुलगी मारेन. मारेनचे वडील डेल आजारी पडून वारले त्याला तीन हिवाळे झाले होते. त्यांच्या मागे जी काही चीजवस्तू राहिली होती, त्यात ही कॅम्परगाडी होती, बाजूने विटकरी पट्टा असलेली, आणि गाडीत, पुढच्या काचेवर ऊन अडवायची जी पट्टी असते तिला अडकवलेला तो चष्मा. वसंतात गाडी धुताना कर्टिसला तो दिसला. काचा खराब झालेल्या. कुणीही चष्मेवाला जे करेल ते त्याने केलं. नंबर मोजला, त्याच नंबरच्या नव्या काचा घातल्या, दातांच्या खुणांना मात्र हात लावला नाही, त्या ठेवाव्यात एवढं त्याला कळलं होतं. आणि जुलैमध्ये, ज्या सकाळी ती तिघं त्या गाडीतून वायोमिंगच्या, जमिनीतून आपोआप उकळतं पाणी उडतं त्या कारंज्यांच्या रानात जायला निघाली, त्या सकाळी, रस्त्यावर, इंजिन चालू असताना, त्याने तो चष्मा नव्या डबीत घालून मारेनच्या हातात ठेवला.

तिने डबी उघडली. चष्मा आकाशाकडे धरला, फिरवला, दुसऱ्या बाजूने बघितला.

"ठिपके कुठे गेले?"

"गेले," कर्टिस म्हणाला. "काचा नव्या आहेत. नंबर तुझ्या डॅडचाच आहे."

"जुन्या काचा कुठे आहेत?"

तो अजून हसत होता. पुढे कित्येक दिवस त्याला ते हसू आठवत राहिलं. चेहऱ्यावर सांडलेलं काहीतरी पुसायचं राहून जावं तसं ते तिथेच राहिलं होतं. जनेल बर्फाची पेटी गाडीत चढवत होती, ती अर्ध्यात थांबली. मारेन गाडीत शिरली, आणि माळ्याचा पडदा सरकल्याचा आवाज आला.

"ते कारंज्याचं पाणी होतं, कर्टिस," जनेल हलक्या आवाजात म्हणाली. मग तिने सांगितलं. मारेन लहान होती, शाळेतही जात नव्हती तेव्हा ती तिघं तिकडे गेली होती. एका मोठ्या कारंज्याजवळ वारा फिरला आणि पाण्याचा पाऊस यांच्या अंगावर आला. डेलने पोरीला पोटाशी धरलं आणि स्वतः भिजला. त्या पाण्यात विरघळलेला दगड असतो, वाळलं की काचेवर काच होऊन बसतं. लोक ओरडत होते, चष्मे पुसा, चष्मे पुसा. डेलने पुसला नाही. म्हणाला, इथून खडासुद्धा उचलायची बंदी आहे, पण हे घरी न्यायला परवानगी आहे. आणि ठिपक्यांमधून बघत त्याने गाडी इथवर, मिनेसोटातल्या घरापर्यंत आणली.

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, तुला नको वाटेल." पेटी तिने खाली ठेवली. "तू तरी विचारायचंस, हा इथे का टांगलाय म्हणून."

"मला वाटलं, तुला नको वाटेल."

त्या मुलखातली माणसं अशीच आहेत. शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ न सांगता उपसून देतील, पण त्याला दुखणं काय आहे ते विचारणार नाहीत. कर्टिस चालत दुकानावर गेला. कचऱ्याची पेटी मागच्या बोळात होती. त्याने प्रवासासाठी घातलेल्या नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि आत हात घातला, तळापर्यंत. काचा त्याने वसंतातच टाकल्या होत्या. त्या इथे नसणार हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो बराच वेळ पुठ्ठे आणि कॉफीचे पेले उपसत राहिला. परत आला तेव्हा जनेलने त्याच्या हातांकडे बघितलं आणि ओलं फडकं पुढे केलं. "चल," ती म्हणाली, "उभ्या गाडीत बसून ती आपल्याला माफ करणार नाही. निदान चालत्या गाडीत तिला खिडकी तरी आहे."

वाटेतल्या डकोटाचं गवत दिवसभर सरत नव्हतं. ड्रायव्हरची सीट डेलच्या अंगाने घडलेली होती. डेल उंच आणि जड असावा, कारण सीटला मधे एक खोलगा पडला होता आणि कर्टिसची पाठ त्यात कुठेच टेकत नव्हती. वळणावर तो खोलग्याच्या एका कडेला घसरे, मग दुसऱ्या. गाडीत सगळीकडे तो माणूस होता. चमच्यांच्या खणात त्याने एक जुना मोजा कोंबून ठेवला होता, खडखडू नये म्हणून. आरशाच्या मागे दोरीने बांधलेली पेन्सिल होती. दाराच्या कडीला एक खिट्टी होती, ती आधी वर उचलून मगच डावीकडे ओढावी लागे. पहिल्या दिवशी कर्टिस दाराशी झगडत होता तेव्हा माळ्यावरून पडद्याआडून आवाज आला होता, "वर. मग डावीकडे." तेवढंच. दार उघडलं होतं. आपण एखाद्याच्या घरात तो बाहेर गेला असताना शिरलोय आणि त्याची पोर आपल्याला कपाटं कुठली ते सांगतेय, असं काहीतरी त्याला वाटलं. वर माळ्यावर ती आत्ता काय करत असेल? त्या स्वच्छ काचांमधून काय बघत असेल? ज्या पाण्यात तिचा बाप होता ते पाणी त्याने कचऱ्यात टाकलं होतं. दोन बोटांच्या चिमटीत धरून, पेटीच्या झाकणाच्या फटीतून. टाकताना तो शीळ घालत होता हेही त्याला आठवलं, आणि त्याने खिडकी खाली केली.

"मागे एक ट्रॅक्टर आहे," जनेल म्हणाली. "त्याला पुढे जायचंय."

"ट्रॅक्टरला?"

"हो. खूप वेळ झाला. मला तुझं मन मोडवत नव्हतं."

तो थोडं हसला. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून ती बराच वेळ गवताकडे बघत राहिली. मारेन पहिल्यांदा दुकानात आली तो दिवस त्याला आठवत होता. बाहेर बर्फ साचलं होतं. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी दिली होती की मुलीला फळ्यावरचं दिसत नाही. आतून नंबर काढून तिला बाहेर आणलं तेव्हा जनेल फोनवर कोणाशी तरी इस्पितळाच्या बिलाबद्दल बोलत होती. "केव्हापासून दिसत नाही?" कर्टिसने विचारलं. पोर म्हणाली, "डॅड गेल्यापासून. पण मी सांगितलं नाही. मॉमला आधीच खूप काम आहे." आठवड्याने चष्मा तयार झाला. त्याने तो तिच्या नाकावर ठेवला, दांड्या कानांमागे बसवल्या, आणि रोज सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं, "कानामागे टोचतंय का?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "त्या छपरावरचे बर्फाचे सुळे वेगवेगळे आहेत." इतके दिवस तिला तो एकच पांढरा पट्टा वाटत होता. कर्टिसही वळून बघू लागला. रोज समोर असणारे ते सुळे त्यानेही कधी वेगवेगळे बघितले नव्हते. पुढे, तो त्या घरी राहायला गेल्यावर, दर रविवारी सकाळी मारेन आपला चष्मा एका बशीत घालून त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवी. तो खिशातला बारीक पेचकस काढी, बिजागरीचे स्क्रू घट्ट करी, काचा धुई. चष्मा परत मिळेपर्यंत ती डोळे बारीक करून त्याच्यासमोर बसून राही. दोघंही फार बोलत नसत. त्या घरात त्याचं असं जे काही होतं, ते त्या बशीएवढं होतं.

वाटेतल्या रविवारी बशी आली नाही. तिच्या चष्म्याची डावी दांडी ढिली झाली होती, ते त्याला समोर बसल्याबसल्या दिसत होतं. ती सारखी बोटाने चष्मा वर सारत होती. दुसऱ्या दिवशी बिजागरीवर निळा दोरा गुंडाळलेला होता, जनेलच्या शिवणाच्या डबीतला. पेचकस त्याच्या खिशात होता. दोऱ्याची गाठ चांगली नव्हती. पॅनकेकवर पाक ओतताना चष्मा बशीत पडला, तो मारेनने उचलून चाटला आणि परत डोळ्यांना लावला.

"शी," जनेल म्हणाली.

"गोड दिसतंय सगळं," मारेन म्हणाली. आईकडे बघून म्हणाली. कर्टिसने काटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

कारंज्यांच्या रानात शिरल्यावर पहिल्याच वळणावर बायसनच्या, तिकडच्या केसाळ रानगव्यांच्या कळपाने रस्ता अडवला. गाड्यांची रांग लागली. एक म्हातारा नर, खांद्यावरची लोकर अर्धी गळालेली, सावकाश यांच्या गाडीपाशी आला आणि बाजूच्या आरशाला मान घासू लागला. गाडी हलायला लागली. खणातले चमचे मोज्यातसुद्धा वाजले. जनेल कुजबुजली, "कर्टिस, त्याला सांग की आपण नुसते बघायला आलोय." कर्टिसने काच वर घेतली. त्याचं नाक आणि बायसनचं नाक यांच्यात एक वीत अंतर होतं. त्या प्राण्याच्या श्वासाने काच पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात एक मोठा ओला डोळा राहिला. माळ्यावरून हसू आलं, आवरता न येणारं, उशीत तोंड खुपसलेलं. कर्टिस हलला नाही. हे हसू आपल्यासाठी नाही हे त्याला माहीत होतं, पण ते आपल्याच डोक्यावर, आपल्या केसांच्या इतक्या जवळ चाललंय, हेही काही कमी नव्हतं. बायसन निघून गेला तेव्हा आरसा आभाळाकडे बघत होता.

त्याच्या मनात एक बेत होता. तो डकोटातच सुरू झाला होता आणि इथवर येता येता पक्का झाला होता. मारेन ते कारंजं विसरली नव्हती, तिला तिथेच जायचं होतं, आणि डेलच्या चष्म्याची डबी तिच्या जॅकेटच्या खिशात होती, खिशाचा फुगवटा दिसत होता. म्हणजे वारा फिरला पाहिजे. एवढंच हवं होतं. वारा फिरेल, पाणी येईल, तीच जागा, तेच पाणी, आणि त्या काचांवर पुन्हा ठिपके पडतील. आपण मोडलेलं जिथे घडलं होतं तिथेच पुन्हा घडेल. चष्मा दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा विचार सोपा वाटला. तो रोज झोपताना झाडांच्या शेंड्यांकडे बघून वारा कुठून आहे ते बघू लागला, आणि ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

तिथे जमिनीवर पाय ठेवायचा नसतो. पांढरट, पापुद्र्यासारखी जमीन, खाली उकळतं पाणी, आणि वरून नेलेली फळ्यांची वाट. मारेन पुढे चालत होती, एक हात खिशावर ठेवून. वाट एका ठिकाणी वळत होती तिथे ती थांबली. समोर, थोड्या अंतरावर, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक बुटका दगडी उंचवटा होता, त्यातून जराशी वाफ येत होती. त्याच्याकडे तोंड करून, फळ्यांच्या वाटेवरच, घडीच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. डोक्यावर टोपी, मांडीवर छत्री, आणि आभाळ तर निरभ्र.

"उभे किती वेळ राहाल," ती म्हणाली. "बसा फळीवर. हे कुणाच्या सुट्टीकडे बघून उडत नाही. मी ओपल. दर उन्हाळ्यात येते. माझा नवरा म्हणायचा, तू माझी इतकी वाट कधी बघितली नाहीस. मी म्हणायची, तू कधी इतका उंच उडाला नाहीस."

जनेल मोठ्याने हसली. मारेनने म्हातारीच्या पायाशी बसकण मारली. ओपल दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे फोन घ्यायचं काम करी आणि आता निवृत्त झाली होती, हे तिने सांगितलं. कारंज्याच्या मोठ्या तोंडाच्या बाजूला एक छोटं भोक आहे तेही तिने बोटाने दाखवलं. "ते फुरफुरायला लागलं की समजायचं, मोठा जागा झाला. तोवर गप्पा मारायच्या." तिच्या पिशवीत साध्या पाण्याची बाटली आणि मऊ फडकं होतं. "पाणी आलं तर चष्मा लगेच धुवायचा हं, बाळा. उन्हात वाळला की संपलं."

"माहीत आहे," मारेन म्हणाली.

दुपार झाली. जनेल आईसक्रीम आणायला लॉजकडे गेली. कर्टिस मारेनपासून थोडा दूर फळीवर बसला होता, मधे एका माणसाची जागा होती. ती जागा तिने ठेवली होती की त्याने, ते त्याला सांगता आलं नसतं. गंधकाचा वास येत होता, उकडलेल्या अंड्यासारखा. दूर जळून गेलेल्या पाइनचे बुंधे, आणि त्यांच्या पायाशी नवी, कमरेएवढी झाडं. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. मी चुकलो असं म्हणावं. ते त्याने वाटेत दोनदा म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा ती "बरं" म्हणाली होती. ते "बरं" त्याला रागापेक्षा जड गेलं. राग असता तर तो अजून त्याच्याशी बोलण्याचाच एक प्रकार झाला असता. तो तिच्या चष्म्यावरच्या निळ्या दोऱ्याकडे बघत राहिला. दोरा सुटत आला होता.

छोटं भोक फुरफुरलं.

ओपलने छत्री हातात घेतली. "आता," ती एवढंच म्हणाली. वाटेवरची माणसं उठून उभी राहिली. मोठ्या तोंडातून थोडं पाणी सांडलं, मग पुन्हा थोडं, आणि मग ते नुसतं वर गेलं. कोणी ढकलल्यासारखं नाही, आधीपासून तिथेच उभं असल्यासारखं. आवाज पायाखालच्या फळ्यांमधून वर आला आणि कर्टिसच्या पोटात थांबला. शेंड्याला पाण्याचे तुकडे होत होते आणि ते उन्हात क्षणभर लटकून खाली येत होते. झाडांचे शेंडे वाकले. वारा फिरत होता. सबंध प्रवासात त्याने मागितलेली हीच एक गोष्ट होती, आणि ती येत होती. पाणी आडवं झालं. ओपलची छत्री उघडली. पहिले थेंब आले तेव्हा ते गार झालेले होते. माणसं चष्मे आणि कॅमेरे लपवत पळू लागली.

"मारेन," कर्टिस म्हणाला, "डॅडचा चष्मा. वर धर तो."

तिने डबी काढली. उघडली. थेंब तिच्या केसांवर, बाह्यांवर पडत होते. आत मऊ कापडावर तो तपकिरी चष्मा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, मग अंग वाकवून त्याच्यावर आडोसा केला, अगदी डेल तिच्यावर वाकला असेल तसा, आणि डबी मिटली.

"नको," ती म्हणाली. "ते पाणी त्या दिवसाचं होतं."

ती रागावलेली नव्हती. आवाज नेहमीचा होता, एखादी गोष्ट ज्याला समजलेली नाही त्याला समजावून सांगताना असतो तसा. कर्टिस तिथेच उभा राहिला. त्याच्या आतला तो सोपा बेत, इतके दिवस जपून आणलेला, कुठे गेला ते त्याला कळलंही नाही. मोडलेलं मोडलेलंच होतं. ते दुरुस्त होण्यातलं नव्हतं, आणि ही नऊ वर्षांची पोर ते बहुतेक पहिल्या सकाळपासून जाणून होती, त्यालाच ते कळायला इथवर गाडी हाकावी लागली. पाण्याने त्याच्या काचा भरल्या होत्या. सवयीने त्याचा हात खिशात गेला, दुकानातलं करडं फडकं बाहेर आलं, आणि त्याने ते डोळ्यांकडे नेलं.

मनगटावर बोटं आली. ओली, लहान.

"पुसू नकोस."

"मारेन, हे कायमचं राहील."

"माहीत आहे." ती त्याच्याकडे बघत होती. तिच्याही काचांवर थेंब होते, ते तिने पुसले नव्हते. "हे घरी न्यायला परवानगी आहे."

म्हणजे काय ते त्याने विचारलं नाही. विचारायची गरज पडली नाही. तिने टाचा उंच केल्या आणि दोन्ही हातांनी, दोन्ही दांड्या धरून, सरळ पुढे ओढून, त्याच्या चेहऱ्यावरून चष्मा काढला. एका हाताने ओढला की फ्रेम वाकते, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. आणि जग गेलं. कारंजं एक मोठा पांढरा धूर झालं, ओपल लाल टोपीचा एक डाग झाली. आवाज मात्र तेवढाच राहिला, आणि गालांवर पाणी.

"आता मला काही दिसत नाही," तो म्हणाला.

"तुला दिसत नाही हे मला दिसतंय," मारेन म्हणाली. तिने त्याचा हात धरला. "फळीच्या मधून चाल. बाजूला पातळ आहे."

चष्मा तिने दुसऱ्या हातात आडवा धरला होता, काठोकाठ भरलेला पेला धरावा तसा, उन्हाकडे. ती हळू चालत होती. "इथे एक खिळा वर आलाय." मग, "आता डावीकडे वळायचं. अजून. बस." मागून ओपलचा आवाज आला, "काठी चांगली मिळालीये हो तुम्हाला, मिस्टर," आणि कर्टिसने आवाजाच्या दिशेने हात हलवला, बहुतेक भलत्याच माणसाला. एरवी त्याला अंधारात दोन पावलंही टाकवत नसत. न्हाणीघरातसुद्धा तो चष्मा लावून जाई. आता दोन्ही बाजूंना उकळतं पाणी होतं आणि त्याची सगळी भिस्त तळहातातल्या चार बोटांवर होती, आणि त्याला भीती वाटत नव्हती. उलट त्याला वाटत होतं की वाट आणखी थोडी लांब असती तरी चाललं असतं. समोरून एक पिवळं धुकं आलं. जनेलचं जॅकेट.

"आईसक्रीम वितळतंय," ते धुकं म्हणालं. "काय झालं? याचा चष्मा कुठे आहे?"

"वाळतोय," मारेन म्हणाली. "मॉम, मधे नको येऊस."

जनेल बाजूला झाली. कर्टिसला तिचा श्वास ऐकू आला, आत घेतलेला आणि मग बराच वेळ न सोडलेला. फळ्या संपल्या, डांबरी वाट लागली. इथे आता धोका नव्हता, कुणीही डोळे मिटून चालावं अशी वाट. कर्टिसने आपला हात जरा सैल केला, तिला सोडवून घ्यायचा असेल तर घेता यावा म्हणून. तिने पकड बदलली, एवढंच, आणि चालत राहिली.

गाडीच्या पायरीवर तिने त्याला बसवलं. चष्मा उन्हाकडे धरून तिने आरपार बघितलं, या बाजूने, त्या बाजूने. मग तो त्याच्या नाकावर ठेवला, दांड्या एकेक करून कानांमागे सारल्या, आणि एक पाऊल मागे जाऊन बघितलं.

"कानामागे टोचतंय का?"

समोर ती उभी होती, आणि तिच्याभोवती, दुपारच्या उन्हात, प्रत्येक ठिपक्याला उजेडाचं एकेक कडं आलं होतं. त्याने मान हलवली, नाही म्हणून.

मारेनने मग आपला चष्मा काढला. बिजागरीवरचा निळा दोरा दातांनी तोडला, तोंडातला तुकडा थुंकला, चष्मा त्याच्या तळहातावर ठेवला, आणि डोळे बारीक करून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.